येळवस आली, कचेरी बंद, बँक मात्र उघडी

मार्गशीर्ष अमावस्येच्या सकाळी लातूर शहर रिकामं होतं. गंजगोलाईतल्या दुकानांची शटरं खालीच राहतात, आणि औसा, निलंगा, रेणापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाक्या, टमटम आणि डबे-पातेली बांधलेल्या गाड्यांची रांग लागते. पंचांगात या दिवसाचं नाव वेळ अमावस्या. बोलण्यात ती येळवस. शिवारात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पांडवांची पूजा मांडली जाते आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. स्वतःचं शेत नसलेला माणूसही त्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवतो. बोलावणं नसेल तरी चालतं.

एवढ्या गर्दीतून उलट दिशेनं कामावर जाणारे थोडे लोक दिसतात. त्यात बँकेचा रोखपाल असतो, टपाल कार्यालयातला कारकून असतो, रेल्वेचा कर्मचारी असतो. जिल्हाधिकारी कार्यालय बंद, तहसील बंद, जिल्हा परिषदेची शाळा बंद. पण बँक उघडी. सण एक, शहर एक, आणि सुट्टी मात्र काहींनाच. तिकडे मुंबईत मंत्रालयात तर हा दिवस कोणाच्या गावीही नसतो.

‘आज सुट्टी आहे का?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देण्याआधी ‘कोणाची?’ असं विचारावं लागतं. कारण सुट्ट्यांची यादी एक नाही. निदान पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकीवर सही करणारा वेगळा.

हुंडीच्या कायद्यातून निघालेली सुट्टी

महाराष्ट्राची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना दरवर्षी, बहुधा नवं वर्ष लागण्याआधी, राजपत्रात छापून येते. तिचा आधार एखादा सणांचा किंवा धर्माचा कायदा असेल असं वाटतं. तसं नाही. आधार आहे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा कायदा. इंग्रजी अमदानीतला, सावकारी पेढ्यांच्या सोयीसाठी झालेला.

त्याचा सणांशी संबंध असा. समजा एका व्यापाऱ्याची हुंडी अमुक तारखेला फेडायची आहे आणि नेमकी त्या दिवशी पेढी बंद आहे. पैसे कधी द्यायचे? आदल्या दिवशी की नंतर? वाद नको म्हणून कायद्याच्या कलम २५ ने सांगून टाकलं की मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी संपली असं धरायचं. आता यासाठी ‘सुट्टी’ म्हणजे काय हे ठरवणं आलं. म्हणून त्याच कलमात खुलासा जोडला: रविवार, आणि सरकार राजपत्रात जाहीर करील तो दिवस. जाहीर करण्याचा अधिकार मुळात केंद्राचा. १९६८ च्या एका अधिसूचनेनं तो राज्यांकडे सोपवला. आज दिवाळीच्या पाडव्याला बँक बंद असते ती या हुंडीच्या कलमामुळे.

२०२४ च्या राज्याच्या यादीत २४ नावं होती. त्यात प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, महाशिवरात्र, धुळवड, गुड फ्रायडे, गुढीपाडवा, रमजान ईद, आंबेडकर जयंती, महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, मोहरम, पारशी नववर्ष, गुरुनानक जयंती, नाताळ असं बरंच काही येतं. नावं चोवीस असली तरी तारखा तेवीसच, कारण पारशी नववर्ष त्या वर्षी १५ ऑगस्टलाच आलं. आंबेडकर जयंती आणि महावीर जयंती रविवारी. बुडालेल्या सुट्टीची भरपाई आपल्याकडे मिळत नाही, त्यामुळे नोकरदार नवं कॅलेंडर हाती आलं की आधी रविवार मोजतो.

या चोवीसांत वेळ अमावस्या नाही. गुरू गोविंदसिंगांची जयंतीही नाही. १७०८ मध्ये ज्यांनी नांदेडला देह ठेवला आणि ज्यांच्यामुळे जगभरचे शीख हजूर साहिबला येतात, त्यांच्या जयंतीचं नाव राज्याच्या यादीत सापडत नाही; केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र ती ऐच्छिक सुट्टी म्हणून घेता येते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातले तीन दिवस

राज्य मोठं आहे. पंढरपूरची वारी, कोकणातला शिमगा, विदर्भातला पोळा या सगळ्यांना एका यादीत बसवायचं म्हटलं तर वर्ष पुरणार नाही. त्यावर तोड म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करण्याचा अधिकार आहे. लातूरची येळवस या दारातून सुट्टी होते.

नांदेड जिल्ह्यात त्याच सुमाराला लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते, आणि दुसऱ्याच दिवशी अमावस्या. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी, कुस्त्या, आणि जिल्हा परिषदेचे मांडव. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांचे दोन मोठे लोकदिवस पंचांगात असे पाठीला पाठ लावून उभे आहेत, आणि मुंबईच्या यादीत दोघांनाही जागा नाही.

स्थानिक सुट्टीच्या आदेशाच्या शेवटी एक ओळ हमखास असते, आणि सगळं कोडं त्या ओळीत आहे: हा आदेश दिवाणी व फौजदारी न्यायालये, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये यांना लागू राहणार नाही. कारण सरळ आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हा प्रशासकीय आदेश. तो हुंडीच्या कायद्याखाली निघालेला नसतो, म्हणून बँकेच्या दृष्टीनं तो दिवस कामाचाच. न्यायालयांची दिनदर्शिका उच्च न्यायालयाकडून येते. टपाल आणि रेल्वे दिल्लीकडे पाहतात.

लातूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हा जिल्हाच मुळात १६ ऑगस्ट १९८२ चा. त्याआधी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, म्हणजे लातूरकरांच्या तीन दिवसांचा निर्णय उस्मानाबादेत होई. जिल्हा वेगळा झाला की दवाखाना, न्यायालय, पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर तीन सुट्ट्यांची लेखणीही गावात येते. याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही.

चौकट: कोणाची यादी कोण करतं?

राज्य शासनाची कार्यालये: सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा.

बँका: राज्याची हुंडीच्या कायद्याखालची यादी, शिवाय सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार. १ एप्रिलला हिशेबासाठी बंद.

केंद्र सरकारची कार्यालये: दिल्लीहून ठरलेल्या १४ सक्तीच्या सुट्ट्या, स्थानिक समन्वय समितीनं निवडलेल्या तीन, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पसंतीच्या दोन ऐच्छिक.

जिल्हा: जिल्हाधिकाऱ्यांच्या तीन स्थानिक सुट्ट्या.

शाळा: शिक्षण विभागाचं वेळापत्रक, उन्हाळा-दिवाळी धरून वर्षात ७६ दिवसांची मर्यादा, त्यात मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतले काही दिवस.

२०२३ ची येळवस गेली कुठे?

आता एक गंमत. २०२३ या इंग्रजी वर्षात वेळ अमावस्या आलीच नाही. २०२४ मध्ये ती दोनदा आली. कोणी पंचांगात घोळ घातला नव्हता.

चंद्राचे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. एकाच भिंतीवर दोन घड्याळं टांगावीत आणि त्यातलं एक दर वर्षी अकरा दिवस पुढे पळावं, तसा हा प्रकार. हिंदू पंचांग हे पळणारं घड्याळ अधूनमधून थांबवून दुसऱ्याशी जुळवून घेतं: साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतं. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण होता. त्यानंतरचे सगळे सण महिनाभर लांबले. आधीची येळवस २३ डिसेंबर २०२२ ला झाली होती. पुढची सरकत सरकत वर्षाची सीमा ओलांडून ११ जानेवारी २०२४ वर गेली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुन्हा मार्गशीर्ष अमावस्या. २०२५ ची १९ डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षात ना येळवस, ना माळेगावची यात्रा. दोन्ही थेट जानेवारी २०२७ मध्ये. सुट्ट्यांची यादी जानेवारी ते डिसेंबर अशी करायची असल्यामुळे एखाद्या वर्षी त्या जागी दुसरा सण बसवायला वाव मिळतो, आणि एखाद्या वर्षी एकाच सणाला दोन दिवस द्यायचे का, हा पेच पडतो.

नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातही हाच हिशेब चालतो. गुरू गोविंदसिंगांची जयंती पौष शुद्ध सप्तमीची. २०२२ मध्ये ती ९ जानेवारीला आणि पुन्हा २९ डिसेंबरला आली, २०२३ मध्ये आलीच नाही. ही ये-जा थांबावी म्हणून २००३ मध्ये नानकशाही दिनदर्शिका लागू करण्यात आली. तिच्यात जयंती ५ जानेवारीला पक्की केली होती. हजूर साहिब आणि पाटणा साहिब या दोन तख्तांनी ती मानली नाही. तिथे जुन्या तिथीच चालू राहिल्या. शिवजयंतीचा १९ फेब्रुवारी विरुद्ध फाल्गुन वद्य तृतीया हा आपल्याकडचा वाद याच जातीचा. सरकारची सुट्टी तारखेला, काहींची मिरवणूक तिथीला.

हिजरी कालगणना मात्र ते घड्याळ जुळवत नाही. तिथे अधिक महिना नाही. म्हणून रमजान ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते: २०२४ मध्ये ११ एप्रिल, २०२५ मध्ये ३१ मार्च. सुमारे तेहतीस वर्षांत ती सगळ्या ऋतूंतून फिरून येते. शिवाय महिना चंद्र दिसल्यावर सुरू होणार, म्हणून वर्षभर आधी छापलेली तारीख एका दिवसानं चुकू शकते. ख्रिस्ती ईस्टरचं गणित या दोन्हींच्या मधलं आहे: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. गुड फ्रायडे त्याआधीचा शुक्रवार, त्यामुळे तो २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडतो.

ही निरनिराळी चक्रं कधी कधी एकमेकांवर येऊन आदळतात. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. गणपतीची मिरवणूक आणि मिलादचा जुलूस एकाच रस्त्यावर नकोत म्हणून जुलूस पुढे ढकलायचं समाजातल्या लोकांनीच ठरवलं, आणि शासनानं सुट्टी २९ तारखेला नेली. सुट्टी मागे-पुढे करणं म्हणजे नुसती कागदावरची खाडाखोड नसते. पोलीस बंदोबस्त, बँकांचं समाशोधन, परीक्षा सगळं हलतं.

शुक्रवारची सुट्टी आणि १७ सप्टेंबर

मराठवाड्यात सुट्टीची लेखणी एकदा समूळ बदलली आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. मुंबई इलाख्यात, म्हणजे सोलापूर-नगरकडे, रविवारी. सीमेवरच्या व्यापाऱ्याला एकीकडचं काम शुक्रवारी होत नसे, दुसरीकडचं रविवारी. वर्षही वेगळं होतं: दफ्तरात फसली सन चाले, जो सुगीच्या हिशेबानं आखलेला असून इसवी सनापेक्षा ५९० वर्षांनी मागे. जुन्या जमिनीच्या कागदांवर १३४० च्या आसपासचा आकडा दिसला की नवखा वारस दचकतो. त्यात ५९० मिळवले की मामला गेल्या शतकातला निघतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला, पाच दिवसांच्या लष्करी कारवाईनंतर, निजामानं शरणागती पत्करली. त्याआधी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालला होता, आणि त्यात नांदेड, उमरी, उदगीर, औसा भागातल्या अनेकांनी तुरुंग पाहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्याच नावाचं नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. दर वर्षी या दिवशी मराठवाड्यात सगळीकडे ध्वजारोहण होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

पण राज्याच्या यादीत हा दिवस नाही. मराठवाडा हा राज्याचा एक विभाग. पुणे किंवा रत्नागिरीच्या इतिहासात १७ सप्टेंबरला काही घडलेलं नाही, आणि अधिसूचना तर सगळ्या राज्यासाठी एक. विभागाला स्वतःची यादी नसते. राज्याला असते आणि जिल्ह्याला असते. मधल्या पायरीवर कोणाच्याच हाती लेखणी नाही.

गोव्याकडे पाहिलं की फरक लगेच कळतो. तोही परकी सत्तेतून उशिरा सुटलेला प्रदेश, १९ डिसेंबर १९६१ ला. मात्र गोव्याला स्वतःचं सरकार आणि स्वतःचं राजपत्र आहे, म्हणून १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, ही तिथे पूर्ण सार्वजनिक सुट्टी. त्याच महिन्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोक सुमारे एक चतुर्थांश आहेत. त्यांचा हा दिवस सगळ्या गोव्याला सुट्टी देतो.

लिस्बनमध्ये पोपला विचारावं लागलं

ज्या देशात बहुतेक लोक कॅथलिक आहेत, तिथे हे सगळं सोपं असेल असं वाटतं. धर्म एक, पंचांग एक. पोर्तुगालचा अनुभव निराळा आहे.

२०११ मध्ये पोर्तुगाल कर्जात बुडाला आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली. काम वाढवायचं म्हणून सरकारनं चार सुट्ट्या कापायचं ठरवलं. दोन राष्ट्रीय: प्रजासत्ताकाचा ५ ऑक्टोबर आणि स्वातंत्र्य परत मिळवल्याचा १ डिसेंबर. दोन धार्मिक: कॉर्पस ख्रिस्ती आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस. राष्ट्रीय सुट्ट्यांवर संसदेचा हात चालतो. धार्मिक सुट्ट्या मात्र व्हॅटिकनशी झालेल्या कराराच्या कक्षेत येतात, त्यामुळे त्या स्थगित करायला चर्चशी बोलणी करावी लागली. २०१३ पासून चारही बंद झाल्या. सरकार बदललं, आणि २०१६ मध्ये चारही परत आल्या.

कॉर्पस ख्रिस्ती नेहमी गुरुवारी येतो. मग शुक्रवारी रजा टाकायची की चार दिवस मोकळे. आपल्या कचेऱ्यांत ‘जोडून सुट्टी’ म्हणतात तेच. अर्थमंत्र्यांना या गुरुवारचा राग येण्याचं एक कारण हे.

पण पोर्तुगालमधली खरी पाहण्यासारखी गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक नगरपालिकेला एक स्वतःची सुट्टी असते. लिस्बनची १३ जूनला, संत अँथनीची. पोर्टोची २४ जूनला, संत जॉनची. लिस्बनचं काम बंद असतं तेव्हा पोर्टो कामावर असतं. इटलीतही रोम २९ जूनला बंद आणि मिलान ७ डिसेंबरला. स्पेननं हिशेब पक्का केला आहे: वर्षात जास्तीत जास्त १४ सुट्ट्या, त्यातल्या दोन गावाच्या. एक धर्म असूनही प्रत्येक गावाला आपला संत आणि आपली जत्रा सोडवत नाही. माळेगावच्या खंडोबासाठी नांदेडला जे लागतं, तेच संत जॉनसाठी पोर्टोला लागतं. आपल्या तीन स्थानिक सुट्ट्यांची व्यवस्था या बाबतीत अगदी युरोपीय आहे. तिची फारशी वाखाणणी होत नाही, ती व्हायला हवी.

यादीच्या पलीकडचे

लातूर-नांदेडची आणखी एक अडचण भूगोलाची. निलंगा तालुक्यातलं औराद शहाजानी ओलांडलं की कर्नाटक. तिकडे बसव जयंतीला सार्वजनिक सुट्टी. इकडे लिंगायत समाज मोठा असूनही राज्याच्या यादीत ती नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगण. बतुकम्मा, बोनालूची सुट्टी तिकडे, कामाचा दिवस इकडे. नातीगोती, शेती आणि बाजार सीमेच्या दोन्हीकडे पसरलेले असले तरी सुट्टी राज्याच्या पाटीपाशी थांबते.

आणि सगळ्या अधिसूचना, आदेश, परिपत्रकं मिळून ज्यांना सुट्टी देतात, ते कामकरी माणसांतले थोडेच. खासगी दुकान-कारखान्याला राज्याच्या चोवीस दिवसांचं बंधन नाही. त्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो वर्षात आठ पगारी सुट्ट्या देतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि मालक-कामगारांनी आपसात ठरवलेले चार सण. पण हा नियम ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. गंजगोलाईत मालक आणि तीन पोरं असं चालणारं कापडाचं दुकान त्यात येत नाही. तिथे सुट्टी मालकाच्या मर्जीची.

आडत बाजाराची तऱ्हा आणखी निराळी. बाजार समितीचं काम केव्हा बंद ठेवायचं, हे समिती आणि व्यापारी मिळून ठरवतात. सोयाबीनचा हंगाम आणि दिवाळी एकाच वेळी येतात, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे बाजार बंद राहिला की शेतकऱ्याचा माल घरात किंवा गाडीत थांबतो. हमालाला पोत्यामागे मजुरी. बाजार बंद तर त्या दिवसाची हमाली नाही. सौदे पुन्हा सुरू होतात त्या सकाळी तुंबलेली आवक एकदम दारात येते, आणि पोती उतरवण्याचं काम रात्रीपर्यंत चालतं.